पेम्फिगस घरात आला तर: सांभाळायचं कसं आणि दवाखाना कधी गाठायचा

तोंड आलंय म्हणून आधी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या. मग मेडिकलवाल्याने दिलेलं जेल. उष्णता वाढली असेल म्हणून सब्जा, गुलकंद, जिरेपाणी. मग दातांचे डॉक्टर, तिथून कान-नाक-घशाचे डॉक्टर. यात महिनेच्या महिने जातात आणि एक दिवस छातीवर नाहीतर पाठीवर पाण्याने भरलेला फोड येतो, फुटतो आणि भरतच नाही. आमच्या वॉर्डात पेम्फिगसचे जे रुग्ण यायचे, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरचे ही हकिकत जवळजवळ याच क्रमाने सांगायचे.

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. नोकरीची बरीच वर्षं त्वचारोगाच्या वॉर्डात गेली. औषध कोणतं आणि किती, हे ठरवणं डॉक्टरांचं काम. पण घरी गेल्यावर माणसाला झोपवायचं कशावर, अंगाला चिकटलेला कपडा काढायचा कसा, खायला काय घालायचं आणि कोणत्या क्षणी रिक्षा बोलवायची, हे नातेवाईक डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डाच्या दारात मलाच विचारायचे. ते सगळं इथे लिहिते आहे.

हा आजार इतका गंभीर का

पेम्फिगस व्हल्गॅरिस हा दुर्मीळ आजार आहे आणि आपल्याकडे तो ऐन कर्त्या वयातल्या माणसांनाही गाठतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटते. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांमुळे. या आजारात शरीर डेस्मोग्लीन ३ च्या विरोधात, आणि पुष्कळ जणांत डेस्मोग्लीन १ च्याही विरोधात, अँटिबॉडी तयार करतं. पेशींची पकड सुटते, मधल्या जागेत पाणी साठतं, तो फोड. रुग्णांच्या रक्तात अशा अँटिबॉडी फिरत असतात हे अमेरिकेत ब्यूटनर आणि जॉर्डन यांनी १९६४ मध्ये दाखवून दिलं. तोवर हा आजार होतो कशाने, याचा धड पत्ता नव्हता.

कातडी गेली की तिच्याबरोबर अंगातलं पाणी, मीठ आणि प्रथिनं झिरपून जातात. जंतूंना आत शिरायला वाट मोकळी होते. त्यात तोंडातही जखमा असल्या तर माणूस खाऊ शकत नाही, म्हणजे जे गेलं ते भरूनही निघत नाही. मोठ्या भागावर साल गेलेला पेम्फिगसचा रुग्ण आम्ही भाजलेल्या रुग्णाइतक्याच काळजीने सांभाळायचो. १९५० च्या दशकात प्रतिकारशक्तीला आवर घालणारं स्टिरॉइड वापरात आलं. त्याआधी हा आजार झालेली बहुतेक माणसं थोड्याच वर्षांत दगावत. आज वेळेवर उपचार सुरू झालेली बहुतेक माणसं जगतात, शेतात जातात, दुकान चालवतात, मुलींची लग्नं लावतात. जी हातची जातात ती बहुधा जंतुसंसर्गाने जातात. घरच्यांनी काय करावं, याचं माझं सगळं सांगणं त्यामुळे तीन गोष्टींवर येतं. उशीर करू नका, उघड्या अंगात जंतू शिरू देऊ नका आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

संशय कधी घ्यायचा

साधं तोंड आलं असेल तर आठ-पंधरा दिवसांत बरं होतं. तीन आठवडे उलटूनही गालाच्या आतल्या बाजूला, हिरड्यांवर, टाळूला जखमा तशाच असतील, एक भरते न भरते तोच दुसरी उघडत असेल, गिळताना घसा सोलल्यासारखा होत असेल, आवाज बसला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. तोंडाचं दुखणं आणि कातडीचा डॉक्टर, हे लोकांना पटत नाही. पण पेम्फिगसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत सुरुवात तोंडातूनच होते.

अंगावरचा फोड मऊ, लुळा असतो, टचटचीत नसतो. सहज फुटतो आणि मागे लालबुंद ओली जागा राहते. तिथे खाजेपेक्षा आग जास्त. डोक्यात, छातीवर, पाठीवर, काखेत, बेंबीभोवती आधी दिसतो. फोडाशेजारची चांगली दिसणारी कातडीही बोटाच्या दाबाने सरकते, उकडलेल्या बटाट्याचं साल सरकावं तशी. याला डॉक्टर निकोल्स्कीची खूण म्हणतात. ती त्यांनीच बघायची, घरी अंग घासून बघू नका.

आपल्याकडे अशा फोडांना सर्रास नागीण ठरवतात. नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि तिचा कारभार काही आठवड्यांत आटोपतो. पेम्फिगस दोन्ही बाजूंना, कुठेही उठतो आणि उपचार केल्याशिवाय थांबत नाही. नागीण म्हणून अंगभर गेरू लावून आणलेले रुग्ण मी पाहिले आहेत. तो वाळलेला गेरू ओल्या जखमेवर घट्ट बसलेला असतो. सलाईनने भिजवत भिजवत तो सोडवायला आम्हाला तास-दीड तास लागायचा आणि तेवढा वेळ ते माणूस दात-ओठ खात पडून असायचं. गेरू, हळद, चुना, राख, कुणी दिलेला झाडपाल्याचा लेप, यातलं काहीही उघड्या जागेला लावू नका.

साठी-सत्तरीच्या पुढच्या माणसाला टणक, ताणलेले फोड आले आणि त्याआधी कित्येक दिवस अंगाला भयंकर खाज असेल, तर तो बहुधा बुलस पेम्फिगॉइड हा वेगळा आजार असतो. वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ मध्ये तो पेम्फिगसपासून वेगळा करून दाखवला. मधुमेहाच्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्या, त्यातही व्हिल्डाग्लिप्टिन, घेणाऱ्यांत तो जास्त दिसतो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. कुठली बंद करायची ते त्यांना ठरवू द्या.

निदानासाठी कातडीचा तुकडा काढतात. तुकडा काढला की आजार पसरतो, हा निव्वळ गैरसमज आहे. सहसा दोन तुकडे लागतात. एक ताज्या, लहान फोडाच्या कडेचा. तो फॉर्मलिनच्या बाटलीत जातो. दुसरा फोडाजवळच्या साबूत कातडीचा, इम्युनोफ्लुओरेसन्स नावाच्या तपासणीसाठी. तो फॉर्मलिनमध्ये टाकला की वाया जातो, त्याला वेगळं द्रावण लागतं. लहान गावात ही दुसरी तपासणी मोठ्या शहरात पाठवावी लागते. बाटल्या तुमच्या हातात देऊन 'लॅबला पोचवा' असं सांगितलं, तर कुठल्या बाटलीत काय आहे ते तिथेच विचारून चिकटपट्टीवर लिहून घ्या.

अंगाची काळजी

सर्वात अवघड वेळ सकाळची. रात्रीतून लस वाळते आणि कपडा पाठीला चिकटतो. एका आजींचा ब्लाऊज सुनेने घाईत ओढला होता, तळहाताएवढं साल ब्लाऊजबरोबर निघून आलं. सुनेचा त्यात काय दोष, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चिकटलेला कपडा कधीही ओढायचा नाही. मेडिकलमधून नॉर्मल सलाईनची बाटली आणा, कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून थोडी उबदार करा आणि चिकटलेल्या जागेवर गॉज ठेवून ती ओली करत राहा. पंधरा-वीस मिनिटं तरी द्या. कपडा आपोआप सुटा होतो. तरी नाही सुटला तर आजूबाजूने कापा आणि चिकटलेला तुकडा तसाच ठेवून भिजवणं चालू ठेवा. सलाईनची फोडलेली बाटली दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका.

कपडे पुढून उघडणारे, सैल आणि अनेकदा धुतलेल्या सुती कापडाचे हवेत. नवीन कापडाची खळ टोचते. आजीची जुनी मऊ सुती साडी फाडून अंगावर घ्यायला चादरी करा. त्या साबणाने धुऊन भरपूर पाण्यात खळबळून, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून ठेवा. काठ, बटणं, नाड्या, लेस काढून टाका. हातातल्या बांगड्या, गळ्यातली पोत काढायला बायका तयार होत नाहीत. अशा वेळी मंगळसूत्र दोऱ्यात ओवून उशाशी बांधून ठेवलं की त्यांचं समाधान होतं. वॉर्डात आम्ही हेच करायचो.

झोपायला केळीचं पान. ऐकायला हे घरगुती वाटेल, पण आपल्याकडच्या रुग्णालयांत साल गेलेल्या रुग्णांसाठी ते खरंच वापरलं जातं. भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग कसं काम करतं, याचा अभ्यास मुंबईच्या सायन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला होता. पान गुळगुळीत आणि गार असतं, मेणचट असतं, जखमेला चिकटत नाही. कोवळं, न फाटलेलं पान घ्या, वाहत्या पाण्यात दोन्ही बाजूंनी धुवा, मधला दांडा काढून टाका, स्वच्छ कापडाने कोरडं करा आणि चादरीवर अंथरा. पान वाळून कडक झालं किंवा लसेने भरलं की बदला. उघड्या जखमेवर थेट बांधायचं असेल तर ते निर्जंतुक केलेलंच लागतं, तो उद्योग घरी नको. घरी फक्त अंथरायला.

अंघोळ बंद करू नका. पाण्याने जखमा चिघळतात असं म्हणून महिनाभर अंघोळ न घातलेले रुग्ण यायचे आणि सगळ्या वासाचं, पुवाचं मूळ तेच असायचं. कोमट पाणी, मग्गाने हळू सोडायचं, घासायचं नाही, पंच्याने टिपून घ्यायचं. डॉक्टरांनी पोटॅशियम परमँगनेट सांगितलं असेल तर वेगळ्या भांड्यात खडे पूर्ण विरघळवून ते पाणी गाळून घ्या आणि मगच बादलीत घाला. पाणी फिकट गुलाबी दिसलं पाहिजे. जांभळं झालं तर ते कडक आहे, कातडी भाजेल. न विरघळलेला खडा अंगावर पडला तरी भाजतं.

मोठा, पाण्याने भरलेला फोड दुखत असेल तर तो दवाखान्यात निर्जंतुक सुईने बुडाशी टोचून रिकामा करतात आणि वरचं साल तसंच ठेवतात. ते साल म्हणजे फुकटचं, सर्वात चांगलं ड्रेसिंग. कात्रीने कापू नका, नखाने सोलू नका. उघड्या जागेवर पॅराफिन गॉज (न चिकटणारी, तेलकट जाळी), त्यावर साधा गॉज, वरून सैल बँडेज. चिकटपट्टी कातडीवर अजिबात नको. बँडेजला गाठ मारा किंवा पट्टी बँडेजवरच चिकटवा. अगदी रक्तदाब मोजतानाही पट्ट्याखाली मऊ कापड ठेवायला सांगा, आणि सलाईनची सुई चिकटपट्टीऐवजी बँडेज गुंडाळून बसवायला सांगा. नव्या सिस्टरांना हे माहीत नसतं. तुम्ही बोललात तर कुणी रागावणार नाही.

डोक्यातल्या जखमांचं कुणी फार बोलत नाही. केसांत लस वाळून जटा होतात, खाली पू साठतो, उवा पडतात. केस बारीक कापणं हाच उपाय. पण तो निर्णय त्या बाईचा आहे, तिला विचारा, वेळ द्या. मी आधी खोबरेल लावून खपल्या मऊ करायची, तिच्याशी गप्पा मारत एकेक बट सोडवायची आणि तेवढ्यात बहुतेक वेळा तीच म्हणायची, 'सिस्टर, कापा एकदाचे.' कापलेले केस तिच्या नजरेसमोर केरात टाकू नका, कागदात गुंडाळून बाजूला ठेवा.

खाजगी जागेच्या जखमाही बायका सांगत नाहीत. लघवीला आग होते का, पॅड घासतं का, संडासला त्रास होतो का, हे घरातल्या बाईनेच एकांतात विचारायला हवं. मऊ सुती कापड वापरू द्या आणि ओपीडीत महिला डॉक्टर मागून घ्या.

खोली फार गार ठेवू नका. साल गेलेल्या अंगाला थंडी लवकर वाजते. पंखा हळू, कूलर बंद, मच्छरदाणी लावलेली. ओल्या जखमांवर माश्या बसू देऊ नका, पावसाळ्यात अळ्या पडायला वेळ लागत नाही. भेटायला येणाऱ्यांना बाहेरच्या खोलीत थांबवा. सर्दी-खोकला, कांजिण्या, नागीण, अंगावर गळू असलेल्या माणसाला आत सोडू नका. पण हेही तितकंच ठासून सांगते की हा आजार रुग्णापासून कुणाला लागत नाही. ताट-वाटी वेगळी काढू नका, नातवंडांना जवळ जाऊ द्या. एका काकांचं अंथरूण गोठ्याशेजारी घातलं होतं घरच्यांनी, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. हात साबणाने धुवायचे ते आपले जंतू त्यांना लागू नयेत म्हणून.

तोंड आणि जेवण

जेवायच्या आधी डॉक्टरांनी दिलेलं बधिर करणारं जेल लावलं की दहा-पंधरा मिनिटं घास जातो. जेवण कोमट किंवा गार. मऊ भात आणि वरण, मुगाची पातळ खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी, गार केलेलं नाचणीचं सत्त्व, अंड्याचं मऊ ऑम्लेट, पनीर, गोड ताजं दही. आंबट ताक, टोमॅटो, लिंबू, ठेचा झोंबतात. चिवडा, फरसाण, पापड, भाकरीचा कडक पापुद्रा जखमा उकरतात. लसूण-कांदा खाल्ल्याने पेम्फिगस वाढतो असं बरेच जण सांगतात, तेवढा पक्का पुरावा नाही. झोंबत असेल तर टाळा, नसेल तर घाला, कारण बेचव जेवण आजारी माणूस बाजूला सारतो. पथ्याच्या नावाखाली डाळ, अंडी, दूध बंद करू नका. लसेवाटे प्रथिनं जाताहेत, ती ताटातूनच परत यायची आहेत. मीठ आणि साखर मात्र बेताने, स्टिरॉइड चालू आहे म्हणून.

लहान मुलांचा मऊ ब्रश वापरा. तिखट, फेसाळ टूथपेस्ट नको. मिश्री, तंबाखू बंद. स्टिरॉइडची गोळी पाण्यात विरघळवून गुळण्या करायला सांगतात, ते पाणी थुंकायचं असतं, गिळायचं नाही. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला तर ती बुरशी आहे, वेगळं औषध लागतं, लगेच दाखवा.

गोळ्या, पल्स आणि रिटुक्सिमॅब

आपल्या देशात पेम्फिगसच्या उपचाराला एक वळण दिलं ते दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. जे. एस. पसरिचा यांनी, १९८० च्या दशकात. त्यांच्या पद्धतीत डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचे १०० मिलिग्रॅम सलाईनमधून सलग तीन दिवस देतात, त्यातल्या एका दिवशी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोफॉस्फमाइडचे ५०० मिलिग्रॅम, आणि हे दर २८ दिवसांनी. मधल्या काळात सायक्लोफॉस्फमाइडची रोजची गोळी. रुग्ण याला नुसतं 'पल्स' म्हणतात. 'सिस्टर, पल्सला आलोय,' असं म्हणत पिशवी घेऊन हजर व्हायचे. तारीख चुकवू नका, फोड नसले तरी जायचं. सायक्लोफॉस्फमाइड चालू असताना भरपूर पाणी प्यावं, लघवी लाल झाली तर कळवावं. या औषधाने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, म्हणून लग्न व्हायचं असलेल्या किंवा मूल हवं असलेल्या रुग्णाने पहिल्या पल्सच्या आधीच हा विषय काढायला हवा. लाजून गप्प बसलेली तरुण जोडपी नंतर हळहळताना पाहिली आहेत.

आता बऱ्याच ठिकाणी रिटुक्सिमॅब देतात. अँटिबॉडी बनवणाऱ्या साखळीतल्या बी पेशी ते कमी करतं. बहुधा १ ग्रॅमची दोन इंजेक्शनं, पंधरा दिवसांच्या अंतराने, सलाईनमधून सावकाश, त्यात दिवसाचे बरेच तास जातात. फ्रान्समध्ये ९० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. थोड्या मुदतीच्या स्टिरॉइडबरोबर रिटुक्सिमॅब मिळालेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधाशिवाय फोडमुक्त होते, नुसतं स्टिरॉइड मिळालेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होतं. अमेरिकेत पेम्फिगससाठी त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे २००७ पासून देशी कंपनीचंही मिळतं, त्यामुळे किंमत पूर्वीइतकी आवाक्याबाहेर राहिलेली नाही. ते देण्याआधी कावीळ बी, एचआयव्ही, क्षयरोग यांच्या तपासण्या होतात. दबलेली कावीळ किंवा टीबी या औषधांनी डोकं वर काढू शकते, म्हणून घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर लपवू नका. लसींचंही आधीच विचारा. जिवंत जंतूंच्या लसी या औषधांवर असताना घेता येत नाहीत.

आणि स्टिरॉइड. याची बदनामी इतकी झाली आहे की वायसोलोन या स्टिरॉइडच्या गोळीचं नाव ऐकलं तरी नातेवाईक दचकतात. चेहरा गोल होतो, भूक वाढते, साखर चढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, झोप उडते, चिडचिड होते, हे सगळं खरं आहे. म्हणूनच डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. पण काही आठवडे मोठ्या डोसवर राहिलेलं शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवतं. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, शुद्ध हरपते, माणूस दगावू शकतो. ऊसतोडीला जाणारे एक दादा तोंड सुजलं म्हणून गोळ्या बांधावर टाकून गेले होते. पंधरवड्याने परत आले ते स्ट्रेचरवर, अंगावर जागा शिल्लक नव्हती. ते वाचले, पण आयसीयूतून बाहेर यायला फार दिवस लागले. गावाला जाताना गोळ्या मोजून, चार दिवसांच्या जास्त घेऊन जा.

गोळी सकाळी, नाश्त्यानंतर. साखर तपासताना नुसती उपाशीपोटीची पाहू नका. सकाळच्या स्टिरॉइडने दुपारी जेवणानंतरची साखर जास्त चढते. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व विसरू नका, डोळे तपासून घ्या. 'शंभर टक्के आयुर्वेदिक' म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. त्या घेतल्या तर डोस किती पोटात गेला हे कुणालाच कळत नाही.

रिक्षा कधी बोलवायची

ताप आला, थंडी वाजून आली, तर सकाळची वाट बघू नका. स्टिरॉइडमुळे ताप झाकलाही जातो, म्हणून थर्मामीटरवर काही नसलं तरी माणूस सुस्तावलं, बरळायला लागलं, धाप लागली, दिवसभरात लघवी अगदी कमी झाली, तर निघा. जखमांना वास, हिरवट-पिवळा पू, भोवती गरम लाली. काळी डांबरासारखी शौच. पाणीही गिळता येत नाही. गोळ्या उलटून पडताहेत, कारण स्टिरॉइड पोटात राहिलं नाही तर ते सुईने द्यावं लागतं. डोळा लाल होऊन दुखतोय. औषध चालू असतानाही जखमा अचानक भराभर वाढल्या आणि बारीक, टोचल्यासारख्या खड्ड्यांनी भरल्या, तर त्यात नागिणीच्या जातीचा हर्पीस विषाणू घुसलेला असू शकतो, त्याचं औषध वेगळं असतं. मांडीच्या सांध्यात दुखून लंगडायला होत असेल तर तेही सांगा. ते आणीबाणीचं नाही, पण स्टिरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो.

तळहात हे माप लक्षात ठेवा. रुग्णाचा बोटांसकट एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. फोनवर डॉक्टरांना 'खूप वाढलंय' म्हणण्यापेक्षा 'पाठीवर पाच तळहात, छातीवर दोन' असं सांगितलं की त्यांना लगेच अंदाज येतो.

कागद आणि पैसे

जुना केसपेपर, बायोप्सीचा रिपोर्ट, पल्सच्या तारखा, गोळ्यांचे बदल, सगळं एका फाइलीत. रुग्णाच्या खिशात एक कार्ड ठेवा: आजाराचं नाव, स्टिरॉइड किती आणि कधीपासून चालू. अपघात झाला, दात काढायचा असला, ऑपरेशन निघालं, तर समोरच्या डॉक्टरला हे कार्ड आधी दाखवायचं. सरकारी मेडिकल कॉलेजांत त्वचारोग विभाग असतो आणि तिथे पल्स घेणाऱ्यांची कायम ये-जा असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपल्या उपचाराचं काही बसतं का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत हवं.

फोड थांबल्यावर

नवे फोड थांबतात, जखमा भरतात, मागे काळे डाग राहतात. ते डाग कालांतराने फिके होतात, त्यांना क्रीमं चोपडू नका. औषध मात्र त्यानंतरही बराच काळ चालतं आणि डोस पायरी-पायरीने उतरतो. तिशीतली मुलगी असेल तर गर्भधारणेचा विचार याच काळात डॉक्टरांशी बोलून करायचा. आईच्या अँटिबॉडी वारेतून बाळापर्यंत पोचतात, बाळाला जन्मतः फोड असू शकतात, ते काही आठवड्यांत जातात. पण आईची काही औषधं गर्भाला चालत नाहीत, ती आधी बदलावी लागतात.

आजार पुन्हा उलटू शकतो. रोज अंघोळीच्या वेळी डोकं, तोंडाची आतली बाजू, पाठ नीट बघा आणि नवं काही दिसलं तर कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. एखादा फोड आला आणि आठवड्याच्या आत आपोआप सुकला, तर घाबरून गोळी वाढवू नका, पुढच्या भेटीत सांगा. महिन्याभरात तीन किंवा त्याहून जास्त नव्या जखमा झाल्या आणि त्या आठवड्यात भरल्या नाहीत, किंवा जुनी जागा पसरायला लागली, तर डॉक्टर त्याला आजार उलटला असंच धरतात. तेव्हा पुढच्या तारखेची वाट न बघता फाइल घेऊन त्याच आठवड्यात ओपीडी गाठा.